आधी गळती, मग गॅस: जुन्या पिकअपच्या एसीची दुरुस्ती करणारा सासवड रस्त्यावरील एक गाळा

हडपसरहून सासवडकडे जाताना भेकराईनगर मागे पडल्यावर गाड्यांच्या एसीचे काम करणारा दोन शटरचा एक गाळा लागतो. मालकांच्या विनंतीवरून त्याचे नाव येथे देत नाही. परंतु आमच्या २०१०च्या, दुहेरी केबिनच्या डिझेल पिकअपचे तेथे झालेले काम इतके पद्धतशीर होते की त्याची सविस्तर नोंद व्हावी असे मनापासून वाटते. एसीचा गॅस भरून देणारी ठिकाणे पुण्यात जागोजागी आहेत. गॅस कमी का झाला याचा शोध घेतल्याशिवाय सिलिंडरला हात न लावणारी ठिकाणे मात्र कमी आहेत आणि हा गाळा त्यांपैकी एक आहे.

ही पिकअप आम्ही जुनी घेतली. पुरंदर तालुक्यातील अंजीर, सीताफळ आणि फुले गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोहोचवणे हे तिचे रोजचे काम आहे. माल पहाटे उतरतो, परंतु परतीचा प्रवास बहुतेक वेळा उन्हातच होतो. एप्रिल-मेमध्ये हडपसरच्या कोंडीत काच उघडी ठेवून तास-दीड तास गाडी पुढे सरकवणाऱ्या चालकाची अवस्था ज्याने पाहिली आहे, तो केबिनमधील एसीला चैनीची वस्तू म्हणणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ गटांतील मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन बसवणे आता बंधनकारक झाले आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या एन-१ गटातील पिकअपना हा नियम लागू नाही आणि आधीपासून रस्त्यावर असलेल्या गाड्यांचा तर त्यात प्रश्नच येत नाही. त्यामुळे जुन्या पिकअपचा एसी चालू ठेवणे ही पूर्णपणे मालकाचीच जबाबदारी राहते.

गाडीच्या जुन्या कागदांमध्ये दर उन्हाळ्याच्या तोंडाशी ‘गॅस टॉप-अप’ केल्याच्या पावत्या होत्या. आमच्या चालकाचे निरीक्षण अधिक नेमके होते. गॅस भरल्यावर काही आठवडे हवा गार येते आणि मग हळूहळू कोमट होत जाते, ही त्याची पहिली तक्रार होती. दुसरी तक्रार अशी, की गॅस नुकताच भरलेला असतानाही भर उन्हात तासभर गाडी चालली की एसी अचानक बंद पडतो आणि गाडी सावलीत थोडा वेळ उभी केली की आपोआप पुन्हा सुरू होतो. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, त्यांची कारणेही वेगळी असू शकतात, हे या गाळ्यातील मिस्त्रींनी ऐकताक्षणी ओळखले. त्याआधी शहरातील एका ठिकाणी नुसते बॉनेट उघडून ‘कॉम्प्रेसर गेला, २४,००० रुपये लागतील’ असे सांगण्यात आले होते. तेथे ना गॅसचा दाब मोजणारे गेज लावले गेले, ना एसी कधी आणि कसा बंद पडतो हे कोणी विचारले.

“गॅस संपत नसतो दादा, तो जातो. कुठून जातो ते आधी बघू,” हे मिस्त्रींचे पहिले वाक्य होते आणि पुढचे सगळे काम त्याला धरूनच झाले. गाडीच्या एसीत गॅस इंधनासारखा जळत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, समोरच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रवरूप होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून बाहेर पडताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डच्या आतील कूलिंग कॉइलमध्ये उकळून वायुरूप होताना तो केबिनमधील उष्णता ओढून घेतो. हे चक्र बंदिस्त असते. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे अगदी थोडा गॅस झिरपतो हे खरे, परंतु दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कोठेतरी गळती आहे, याबद्दल शंका राहत नाही.

इंजिन थंड असतानाच त्यांनी दोन्ही बाजूंना गेज लावले. गाळ्यातील तापमान ३० अंशांच्या आसपास होते. आर-१३४ए हा गॅस भरलेल्या बंद यंत्रणेत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी त्या तापमानाला गेजवर ९५ ते १०० पीएसआयच्या दरम्यान दाब दिसतो. आमच्या गाडीत तो ५५ होता, म्हणजे द्रव अजिबात उरलेला नव्हता. येथे त्यांनी सांगितलेली एक गोष्ट प्रत्येक गाडीमालकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बंद गाडीच्या गेजवर १०० पीएसआय दिसला तर गॅस पुरेसा आहे असे मुळीच सिद्ध होत नाही, कारण यंत्रणेत १०० ग्रॅम गॅस असो वा ५००, द्रव आणि वाफ एकत्र असेपर्यंत दाब तापमानावरच ठरतो. गॅसचे प्रमाण केवळ वजनाने कळते. गेजचा काटा पाहून अंदाजाने गॅस सोडण्याची पद्धत सर्रास दिसते. ती का टाळावी, याचे सर्वांत स्पष्ट कारण हेच आहे.

उरलेला गॅस त्यांनी हवेत सोडून न देता रिकव्हरी यंत्राने काढून घेतला आणि त्याचे वजन केले. बॉनेटच्या आतील स्टिकरवर लिहिलेल्या वजनाच्या ते एक-तृतीयांशही भरले नाही. हा टप्पा बरेच जण गाळतात, कारण गॅस हवेत सोडला तर काम पटकन उरकते आणि ग्राहकाला ते कळतही नाही. आर-१३४एमुळे ओझोनच्या थराला अपाय होत नाही, म्हणून आर-१२ या जुन्या गॅसच्या जागी तो वापरात आला. परंतु वातावरणाची उष्णता वाढवण्याची त्याची क्षमता १०० वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट मानली जाते. म्हणजे अर्धा किलो गॅस हवेत सोडणे हे सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्याइतके आहे. दर उन्हाळ्यात गळक्या यंत्रणेत गॅस भरत राहिल्याने नेमके हेच होत असते, आणि म्हणूनच गळती शोधणे ही माझ्या दृष्टीने केवळ पैशांची बाब उरत नाही.

यानंतर यंत्रणेत कोरडा नायट्रोजन सुमारे २०० पीएसआयपर्यंत भरून गाडी तशीच ठेवण्यात आली. काही वेळाने काटा थोडा उतरलेला दिसला, तेव्हा साबणाचे पाणी घेऊन सांधा न् सांधा तपासणे सुरू झाले. मिस्त्रींची नजर मात्र आधीपासूनच कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यातील एका काळपट, तेलकट डागावर होती. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही यंत्रणेत फिरत असते. त्यामुळे गॅस जेथून सुटतो तेथे थोडे तेल बाहेर येते आणि त्यावर रस्त्याची धूळ बसून डाग तयार होतो. साबणाचा फेस तेथेच फुगला. दुसरी, लहान गळती कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या नळीच्या सांध्यावर सापडली. तेथील ओ-रिंग, म्हणजे सांधा घट्ट ठेवणारे रबरी कडे, कडक होऊन चपटी झाली होती. एक गळती सापडल्यावर शोध थांबवणे किती सोपे होते, हे लक्षात घेता ही दुसरी गळती सापडणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असल्यामुळे तेथे साबण लावता येत नाही. तिची तपासणी त्यांनी गॅस काढण्यापूर्वीच इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरने केली होती: आर-१३४ए हवेपेक्षा जड असल्याने गळती असल्यास तो पाण्याच्या निचरा-नळीशी उतरतो, म्हणून डिटेक्टरचे टोक त्या नळीजवळ धरून ठेवायचे. तेथे काही आढळले नाही, आणि डॅशबोर्ड उघडण्याचा मोठा खर्च टळला.

तासभराने एसी बंद पडण्याच्या दुसऱ्या तक्रारीचा उलगडा त्याहून समाधान देणारा होता. कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूस चुंबकीय क्लच असतो. पट्ट्यावर फिरणारी पुली इंजिनबरोबर सतत फिरत राहते, परंतु क्लचच्या कॉइलमध्ये वीज आली की समोरची चकती पुलीला जाऊन चिकटते आणि तेव्हाच कॉम्प्रेसर फिरू लागतो. वर्षानुवर्षे लागून-सुटून चकती झिजते आणि दोहोंमधील फट वाढते. फीलर गेजने मोजल्यावर आमच्या गाडीतील फट एक मिलिमीटरहून अधिक निघाली. ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. कॉइल थंड असताना चुंबकाचा जोर एवढी फट कशीबशी ओलांडतो. तापमान ५० अंशांनी वाढले की तांब्याच्या तारेचा विद्युतरोध सुमारे एक-पंचमांशाने वाढतो, प्रवाह त्यानुसार कमी होतो, चुंबक दुबळा पडतो आणि चकती पुलीपर्यंत पोहोचत नाही. सावलीत उभी राहून गाडी निवली की तोच एसी पुन्हा चालू का होत असे, याचे उत्तर येथे होते. क्लचपर्यंत वीज पुरेशी येते आहे हे त्यांनी आधी मीटरने पाहून घेतले, मग चकती काढून आतील एक पातळ शिम, म्हणजे अंतर राखणारी धातूची कडी, कमी केली आणि फट पुन्हा योग्य मापावर आणली. यासाठी नवा सुटा भाग लागला नाही. ज्या कॉम्प्रेसरसाठी आमच्याकडे २४,००० रुपये मागितले गेले होते, तो कॉम्प्रेसर आजही त्याच गाडीत व्यवस्थित चालतो आहे.

कंडेन्सरच्या बाबतीत त्यांनी आमच्यापुढे दोन पर्याय ठेवले. ॲल्युमिनियम वेल्डिंग करून जुनाच कंडेन्सर वापरता आला असता आणि ते स्वस्तही पडले असते. पण सोळा वर्षे खडी आणि चिखल झेललेल्या जाळीची एक जागा सांधली तरी शेजारची जागा किती टिकेल याची हमी देणार नाही, असे त्यांनी आधीच स्पष्ट केले. आम्ही नवा घेतला. तो नाना पेठेतून मागवला गेला आणि त्याची पक्की पावती आमच्या हाती दिली गेली. कंडेन्सरबरोबर ड्रायरही बदलला, आणि याबाबत त्यांनी तडजोडीला जागाच ठेवली नाही. ड्रायरमधील दाणे यंत्रणेतील ओलावा शोषून धरतात. यंत्रणा उघडी पडली की ते दाणे हवेतील दमटपणा शोषून निकामी होतात. मागे उरलेला ओलावा एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या छिद्राशी गोठून मार्ग अडवतो. शिवाय गॅस आणि तेल यांच्याशी मिळून त्यातून आम्ल तयार होते व आतील धातू खाल्ला जातो. कॉम्प्रेसरचे पीएजी तेलदेखील हवेतील पाणी वेगाने ओढून घेते. म्हणून तेलाचा लहान, सीलबंद डबा आमच्यासमोर फोडला गेला आणि जुन्या कंडेन्सरमध्ये राहून गेलेल्या तेलाच्या अंदाजाने मोजकेच तेल घातले गेले. सर्व उघडलेल्या सांध्यांवर आर-१३४एसाठी चालणाऱ्या नव्या ओ-रिंग तेल लावून बसवण्यात आल्या. गळती बुजवणारे रासायनिक द्रव मात्र हा गाळा वापरत नाही, आणि माझ्या मते तेच योग्य आहे. असा द्रव ओलावा आणि हवा लागली की घट्ट होतो, व्हॉल्व्हचे बारीक छिद्र बुजवू शकतो आणि पुढच्या वेळी गॅस काढणाऱ्या यंत्राचेही नुकसान करतो.

नंतर यंत्रणेतील हवा आणि ओलावा काढून टाकण्यासाठी पाऊण तास व्हॅक्यूम पंप चालला. येथे पुण्याच्या वाचकांसाठी एक खास मुद्दा आहे. समुद्रसपाटीवरील पुस्तकी आकडा (पाऱ्याच्या) २९ इंचांहून अधिक व्हॅक्यूमचा असतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथील हवेचा दाबच कमी आहे आणि उत्तम पंप लावूनही गेजचा काटा साधारण २८ इंचांपुढे जात नाही. त्यामुळे काटा २८ला थांबलेला पाहून गळती राहिली असे समजू नये. काटा २५-२६वरच अडखळला तर मात्र काम अपुरे आहे असे खुशाल समजावे. ३० अंश तापमानाला पाणी उकळून वाफ होण्यासाठी दाब सुमारे ४२ मिलीबारपर्यंत उतरावा लागतो, आणि पुण्याच्या हवेत त्याचा अर्थ पावणेसत्तावीस इंचांच्या पुढचा व्हॅक्यूम असा होतो. त्याहून कमी व्हॅक्यूमवर पंप कितीही वेळ चालवला तरी ओलावा आतच राहतो. पंप बंद केल्यानंतर अर्धा तास त्यांनी काटा तसाच राहतो की परत फिरतो हे पाहिले, आणि तो जागचा हलला नाही तेव्हाच सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला.

गॅस स्टिकरवरील वजनाइतकाच भरला गेला. “थोडा जास्त टाका, उन्हाळा आहे,” अशी विनंती आमच्या चालकाने केली, तेव्हा जास्त गॅसने गारवा वाढत नाही, उलट घटतो, हे त्यांनी न कंटाळता समजावून सांगितले. कंडेन्सरमध्ये अधिकचा द्रव साठला की उष्णता टाकण्यासाठी जागा उरत नाही, दाब चढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करू लागतो. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत हा त्रास सर्वांत आधी जाणवतो.

काम संपल्यावर गाडी उन्हात, उभ्या स्थितीत तपासण्यात आली. बाहेर ३६ अंश होते. कमी दाबाच्या बाजूला ३५ आणि जास्त दाबाच्या बाजूला २२५ पीएसआय दिसत होते आणि डॅशबोर्डच्या मधल्या झरोक्यातून येणाऱ्या हवेचे तापमान ९ अंशांवर स्थिरावले. मग मिस्त्रींनी कंडेन्सरवर पाण्याचा फवारा मारून जास्त बाजूचा दाब किती उतरतो ते पाहिले. तो फार उतरला असता, तर पंखा कंडेन्सरमधून पुरेशी हवा ओढत नाही असा निष्कर्ष निघाला असता; आमच्या गाडीत फरक थोडाच पडला. गाडी घेऊन आम्ही भरल्या केबिनने दिवे घाट चढलो, वर थोडे थांबलो आणि परत आलो. चढावर मंद गतीतही एसी बंद पडला नाही, आणि याच चढावर तो पूर्वी हमखास साथ सोडत असे.

बिलात कंडेन्सरचे ४,८००, ड्रायरचे ९५०, गॅस, तेल व ओ-रिंगचे मिळून १,७०० आणि मजुरीचे ३,००० रुपये होते. करासह एकूण १२,३३१ रुपये झाले. नुसत्या टॉप-अपशी तुलना केली तर ही रक्कम मोठी वाटते. तरीही जुन्या पावत्यांची बेरीज पाहता आणि बदलण्याची गरजच नसलेल्या कॉम्प्रेसरची किंमत पाहता मला ती पूर्णपणे वाजवी वाटते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. काम एका दिवसात होत नाही. गाडी मुक्कामी ठेवावी लागते, आणि ज्यांचा धंदाच गाडीवर आहे त्यांनी पर्यायी वाहनाची सोय करूनच जावे. बसण्यासाठी सावलीची धड जागा नाही. दाबांचे आणि तापमानाचे आकडे मिस्त्री तोंडी सांगतात, परंतु बिलावर लिहून देत नाहीत. मी आग्रह केल्यावर त्यांनी ते कागदावर लिहिले. पुढच्या उन्हाळ्यात तुलना करण्यासाठी हे आकडे फार उपयोगी असल्यामुळे ते प्रत्येक बिलावर असावेत, असे मी त्यांना सुचवले आहे.

सर्वांत मोठी उणीव म्हणजे सिलिंडरमधील गॅस शुद्ध आहे की नाही हे तपासणारे यंत्र या गाळ्याकडे नाही. बाजारात आर-१३४एच्या नावाखाली भेसळीचा माल मिळतो. त्यात कधी स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वलनशील वायू असतात, तर कधी आर-४० म्हणजे मिथाइल क्लोराइड असते. ते ॲल्युमिनियमच्या भागांशी संयोग पावून हवा लागताच पेट घेणारे संयुग तयार करते, आणि गाडीच्या एसीतील बहुतेक भाग ॲल्युमिनियमचेच असतात. हा गाळा अधिकृत विक्रेत्याचे सीलबंद सिलिंडर वापरतो आणि खरेदीचे बिल मागितल्यास दाखवतो. तेवढी खबरदारी मी पुरेशी मानली, तरी यंत्र असते तर अधिक बरे झाले असते.

आमच्या गाडीचे एक काम अजून बाकी आहे. या मॉडेलला कॅबिन फिल्टर नसल्यामुळे कूलिंग कॉइलवर धुळीचा थर साचला आहे. ब्लोअर काढून आत कॅमेरा घालून त्यांनी तो आम्हाला दाखवला. वरवर फवारणी करून पैसे घेण्यास त्यांनी नकार दिला, कारण वरचा मळ सुटून निचरा-नळीत अडकतो आणि पाणी केबिनच्या पायदानात उतरते. कॉइल बाहेर काढून धुण्याचे काम त्यांनी अंजिराचा हंगाम संपल्यानंतर, गाडी चार दिवस मोकळी असेल तेव्हा करायचे ठरवले आहे. त्या वेळी एक्सपान्शन व्हॉल्व्हही बदलला जाईल. ज्यांच्या नव्या गाडीत आर-१२३४वायएफ हा गॅस आहे, त्यांनी मात्र येथे जाऊ नये. त्या गॅससाठी लागणारे वेगळे यंत्र या गाळ्याकडे नाही आणि मिस्त्री अशा गाड्या दारातूनच परत पाठवतात.